नावाडिणीच्या पानातलं एक खरं

सोमवार, ३ तारीख
संध्याकाळ

ताई,

पाकीट फोडलंस म्हणजे अर्धं काम झालं. माझं अक्षर ओळखून तसंच कचऱ्याच्या डब्यात टाकशील अशी धास्ती होती, म्हणून पत्ता बसच्या कंडक्टरकडून लिहून घेतलाय. त्याचं अक्षर माझ्याहून वाईट निघालं. तोच हे तुमच्या हॉस्पिटलच्या फाटकावर वॉचमनकडे देईल. फोन तू उचलत नाहीस, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

मी बरी आहे. दोन वेळा जेवते. पिठाच्या गिरणीत काम करते. तू कपाळावर हात मारलास ते इथून दिसलं. झालं असं की बस बंद पडली, ड्रायव्हर म्हणाला अर्धा तास, आणि समोर गिरणीच्या खिडकीत कोळ्याचं जाळं दिसलं. जाळं म्हणजे चादरच. पीठ उडून त्यावर बसतं, मग ते इतकं जाड होतं की माशीसुद्धा चिकटत नाही. मग कोळी ते टाकून शेजारी नवं विणतो, त्यावरही पीठ बसतं, पुन्हा नवं. एका खिडकीत त्याची सगळी जुनी घरं एकापुढे एक. मी बघत राहिले आणि बस निघून गेली. आतून गिरणीवाल्या मावशी म्हणाल्या, "बघून झालं असेल तर ते पोतं इकडे ओढ." ओढलं. तेव्हापासून ओढतेच आहे. मागच्या खोलीत राहते.

तुझ्या वॉर्डाबद्दल मी काही लिहिणार नाही, तूही विचारू नकोस. तू शब्द टाकून लावलेली नोकरी मी न सांगता सोडून पळाले, तुझं नाक कापलं, हे सगळं मान्य. पुढे.

लिहायचं कारण वेगळं आहे. मला तुझी मदत हवी आहे, एका खेळात. लहानपणी माझं खोटं तू चेहरा न बघताही पकडायचीस, पाठमोरी भांडी घासत असलीस तरी.

इथे सोमवारी वीज नसते, गिरणी बंद. तर दुपारी आम्ही चौघं गिरणीत पोत्यांवर बसतो आणि आपापली गोष्ट वाचतो. एकेक पानाची, मनाने रचलेली. आम्ही म्हणजे मावशी, शिंपीकाका, गुरांचे डॉक्टर आणि मी. डॉक्टर प्रेमकथा लिहितात, त्यांच्या नायिका फार शिंकतात. काकांच्या गोष्टीत प्रत्येकाच्या कपड्यांचं वर्णन असतं, माणूस मेला तरी आधी त्याच्या कॉलरचं सांगतात. खेळाला नाव आहे 'एक खरं'. नियम मावशींचे. पानात सगळं खोटं चालतं, पण एक गोष्ट खरी हवी, त्याच आठवड्यात स्वतः बघितलेली. बाकीच्यांनी ती ओळखायची. ओळखली तर लिहिणाऱ्याने सगळ्यांना नेऊन ती दाखवायची. नाही ओळखली तर पुढच्या सोमवारपर्यंत मुदत. तोपर्यंतही नाही जमलं तर बुडाली, ती ज्याची त्याच्यापाशी, पुन्हा कोणी विचारायचं नाही. आणि बैठकीबाहेर तर मुळीच विचारायचं नाही. एकदा डॉक्टरांचं ओळखलं गेलं तेव्हा आम्ही सगळे गोठ्यात जाऊन म्हशीच्या पाठीवर झोपणारी कोंबडी बघून आलो. कोंबडी जागीच झाली नाही.

तर आज मावशींचं पान आम्हा तिघांनाही ओळखता आलं नाही. माझी झोप जाणार. हरणं मला सोसत नाही हे तुला ठाऊक आहे. मला पाठ झालंय, तसंच देते:

"नावाडीण उठली तेव्हा माळ्यावरच्या जुन्या डब्यात घुबडीणबाईंनी दोन अंडी घातली होती. सांडपाण्याच्या पाइपात मुंगसाची पिल्लं डोळे मिटून एकमेकांवर पडली होती. दिव्याखालचा बेडूक आपल्या जागेवर हजर होता, पगार असल्यासारखा. बंद रेडिओच्या भोकांत कुंभारीण माशीने मातीची घरं केली होती, त्यामुळे बातम्या जरा मातकट येत. आंघोळ करताना तिच्या हाताला काखेजवळ वाटाण्याएवढी गाठ लागली. दुखत नव्हती, म्हणून तिने उरलेलं पाणी अंगावर घेतलं आणि नाव सोडायला गेली. काठावर एक कासव उभं होतं. त्याच्या पाठीवर पांढऱ्या रंगाने नऊचा आकडा होता. त्याला पलीकडे जायचं होतं आणि ते म्हणत होतं, मी पोहू शकतो, पण आज मन नाही."

पुढे कासव आणि नावाडीण यांचं भांडण आहे, ते फार मजेचं आहे, पण त्यात खरं काही नसणार. काका म्हणाले घुबड. डॉक्टर म्हणाले मुंगूस. मी बेडूक म्हटलं, कारण पगाराचं वाक्य बघितल्याशिवाय सुचत नाही. मावशी तिन्ही वेळा "चुकलात" म्हणाल्या आणि पान घडी घालून चष्म्याच्या घरात ठेवलं. एरवी त्या जिंकल्या की आम्हाला दिवसभर टोमणे मारतात. आज उठून चहा ठेवायला गेल्या.

मला वाटतं कासव. तुला काय वाटतं?

तुझी
भिंगरी
(हे नाव तूच ठेवलंस, आता मला दुसऱ्या नावाने कोणी हाक मारली तर कळत नाही.)


बुधवार, ५ तारीख

ताई,

उत्तराची वाट न बघता लिहिते आहे. तसंही येणार नाही म्हणा.

काल कासव शोधायला तळ्यावर गेले. तिथे एक खंड्या बघितला, मासा दगडावर आपटून आपटून मऊ करत होता, अगदी धोब्यासारखा. त्यात वेळ गेला. कासव काही दिसलं नाही. येताना काकांच्या दुकानात डोकावले.

"काका, तळ्यावर आकडा लिहिलेलं कासव बघितलंत कधी?"

"बघितलं म्हणजे? माझं कासव आहे ते."

"पाळलंय?"

"अगं, माझ्या पानातलं. तू यायच्या आधीचं. शाळेच्या पोरांनी त्याच्या पाठीवर नऊ लिहिलं होतं, मी यांना सगळ्यांना नेऊन दाखवलंही. मावशींनी सरळ उचललं की. सोमवारी मी बोलणार होतो, पण म्हटलं भरल्या बैठकीत बाईमाणसाला चोर कशाला म्हणा."

"म्हणजे ते या आठवड्यातलं नाही."

"कासव या साली दिसलंच नाही कोणाला. उभी राहा नीट. हा सदरा कोणी शिवला तुला? त्याच्यावर खटला भरला पाहिजे."

म्हणजे कासव बाद. उरली कुंभारीण माशी. मावशी दळण मोजत होत्या तेव्हा मी त्यांच्या खोलीत जाऊन रेडिओ उलटा करून बघितला. एकही घर नाही, भोकं स्वच्छ, वर पिठाचा थर. मी खूश झाले, कारण आता एकच उरलं असं वाटलं. मग काय उरलं ते आठवायला लागले.

आठवलं तेव्हा रेडिओ हातातच होता.

तू म्हणशील, लगेच कुठच्या कुठे जाऊ नकोस. मीही स्वतःला तेच सांगते आहे. पानात आणखी नावाडीण उठते, नाव सोडते, तेही खरं असेल. पण मावशींकडे नाव नाही, आणि उठणं हे कोणी खरं म्हणून लिहीत नाही. आम्ही तिघांनी ते वाक्य ऐकलं होतं, ताई. कोणाच्याच कानात शिरलं नाही. आम्हाला सवयच लागली आहे, पान सुरू झालं की प्राणी शोधायचे. खरं म्हणजे चार पायांचं किंवा पंखांचं असणार. माणसाबद्दलचं सगळं गोष्टीतलं.

आज दिवसभर मी त्यांच्याकडे बघत होते. वरच्या पेटीत धान्य ओतताना त्या मध्येच थांबतात आणि डावा हात उजव्या काखेत जातो, किल्ली जागेवर आहे का बघावं तसा. मग पुन्हा ओततात. हे आधीपासून होतं का? मी कोळ्याकडे बघत बसते, माणसाकडे बघितलंच नाही.

"माझ्या तोंडावर पीठ आहे का?" मावशी म्हणाल्या.

"आहे."

"मग गिरणीत काय गुलाल असणार आहे? पोतं धर."

दुखत नाही असं लिहिलंय, हे एक बरं आहे. दुखत नाही म्हणजे किरकोळ असणार. गळवासारखं काही. तू एवढं फक्त सांग की बरोबर आहे. बाकी काही लिहू नकोस, रागावलेलीच राहा, चालेल. एका शब्दाचं पत्र पाठव.

भिंगरी


शुक्रवार, ७ तारीख
दुपार, दळणाची गर्दी संपल्यावर

ताई,

तुझं पत्र आलं. कंडक्टरने बस चालू असतानाच खिडकीतून फेकलं, ते नालीच्या काठावर पडलं, मी धावत जाऊन उचललं. ते माझ्या दुसऱ्या पत्राला नाही, पहिल्याला उत्तर आहे, हे वाचल्यावर कळलं. म्हणजे तू पहिलंच वाचून त्याच दिवशी लिहायला बसलीस.

"कासव नाही. ती बाई कोण आणि वय काय? गाठ दुखत नसेल तर जास्त घाई कर. गुरुवारी बाहेरच्या तपासणीला मी असते. घेऊन ये."

वर 'प्रिय' नाही, खाली तुझं नाव नाही. मी ते एवढ्या वेळा वाचलं की घडीवर फाटलं. इतक्या महिन्यांनी चार ओळी आल्या आणि मला आनंद झाला, मग कसल्या ओळी आहेत ते आठवून लाज वाटली. वय साठीच्या आत असेल. विचारलं तर म्हणतात, "गिरणीपेक्षा मोठी, रस्त्यापेक्षा लहान."

दुखत नसेल तर जास्त घाई. माझा सगळा धीर त्या एका शब्दावर होता.

बारा नंबरच्या खाटेवरची बाई हेच म्हणायची, तुला आठवते का? मी तिच्या उशाशी भांडं धरून उभी असायचे. "दुखत नव्हतं गं पोरी, दुखलं असतं तर आले नसते का?" रोज सांगायची, मी नवीनच आले आहे असं समजून. त्याबद्दल लिहिणार नाही म्हटलं होतं. एवढंच लिहिते.

काल मावशींशी बोलायचा प्रयत्न केला. सरळ नाही, आडून. म्हटलं, माझी बहीण हॉस्पिटलात आहे, तिथे बायकांना फार चांगलं तपासतात.

"तुला काय झालंय?"

"मला नाही. असंच. वर्षातून एकदा दाखवावं म्हणतात."

"गाडीचं इंजिन दाखवतात वर्षातून एकदा. माणसाने काय दाखवायचं?"

"मावशी, ते नावाडिणीचं पान..."

त्यांनी मोटारीचं बटण दाबलं. गिरणी सुरू झाली की कोणाचं कोणाला ऐकू येत नाही, तुला कल्पना नाही केवढा आवाज असतो. पीठ पडत राहिलं. पेटी रिकामी झाली तरी त्यांनी बंद केली नाही. दगडावर दगड घासायला लागला, तसं होऊ देत नाहीत कधी, दगड जळतो. शेवटी मीच बटण बंद केलं.

"बैठकीबाहेर विचारायचं नाही," त्या म्हणाल्या. रागावून नाही. एखाद्याने पायरी चुकावी आणि आपण हात धरावा, तशा.

डॉक्टरांना सांगावं असं दहादा मनात आलं. गुरांचे का होईना, डॉक्टर आहेत. आज ते दळण घ्यायला आले होते, मी त्यांच्या मागोमाग सायकलीपर्यंत गेले आणि विचारलं, "गाय दुखणं लपवते का हो?"

"सगळी जनावरं लपवतात. कळपात दुबळं दिसलं की संपलं. म्हणून तर माझी फी आहे." मग म्हणाले, "का? नवीन गोष्ट? गाईवर लिहू नकोस, गाय माझी आहे."

सांगितलं नाही. त्यांना सांगणं म्हणजे गावाला सांगणं, असं नाही. ते तोंडाचे घट्ट आहेत. पण मावशींनी मलाही सांगितलेलं नाही, ताई. त्यांनी पानाला सांगितलंय.

आता राहिला सोमवार. सोमवारी मी ओळखलं नाही तर ते बुडालं, त्यांच्यापाशी राहणार, आणि मग हात लावता येणार नाही. त्या शब्दाच्या पक्क्या आहेत, दुसऱ्याच्याही आणि स्वतःच्याही. आणि ओळखायचं म्हणजे काका आणि डॉक्टर यांच्यासमोर मोठ्याने म्हणायचं. बाईच्या अंगावरची गाठ, दोन पुरुषांसमोर, आणि वर नियम असा की ओळखलं तर दाखवा. मी म्हटलं आणि त्या उठून गेल्या तर? मला हाकललं तर? मला हाकललं तर काही नाही, मी कुठेही जाते. पण मग त्यांच्या काखेकडे लक्ष कोण ठेवणार?

असं करते. त्या दोघांना सोमवारी येऊच देत नाही.

भिंगरी


सोमवार, १० तारीख
तिन्हीसांज व्हायच्या आधी

ताई,

आधी निकाल सांगते, नाहीतर मी वाटेत कुठे उतरेन. गुरुवारी त्या येतील. आता सगळं.

सकाळी काकांना जाऊन सांगितलं की डॉक्टरांना ताप आहे, आज बैठक नाही. डॉक्टरांना सांगितलं की काका सासुरवाडीला गेलेत. मला वाटलं केवढी हुशारी केली. काका भला माणूस, तापाचं ऐकून समाचाराला म्हणून डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर आरशासमोर मिशा कातरत होते. दुपारी दोघं दारात उभे.

"ही म्हणाली तुम्हाला ताप आहे," काका डॉक्टरांना म्हणाले, मावशींना ऐकू जाईल असं.

"मला ही म्हणाली तुम्ही सासुरवाडीला."

"सासुरवाडीला मी लग्नानंतर दोनदा गेलो, दोन्ही वेळा परत येताना ताप होता. दोन्ही बातम्या तिने एकात घातल्या."

मावशी माझ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी पोतं झटकलं, बसल्या, पदर नीट केला. बाहेर कावळा गिरणीच्या पत्र्यावर चालत होता, त्याची नखं वाजत होती. मी मुद्दाम त्याच्याकडे लक्ष देत होते.

"मागचं एक राहिलंय," मावशी म्हणाल्या. "कोणी काही म्हणणार असेल तर म्हणा. नाहीतर बुडालं."

काका म्हणाले, "कासव तर नाहीच. कासवाचा मालक इथे बसलाय."

"हिला विचारा," डॉक्टर म्हणाले, "हिने आम्हाला उगाच नाही आजारी पाडलं."

शाळेत फळ्यापुढे उभं केल्यावर बघायचे तसं मी जमिनीकडे बघत म्हटलं, "नावाडीण आंघोळ करते. ते."

"आंघोळ?" काका हसले. "ते काय ओळखायचं? आंघोळ सगळेच करतात."

"सगळे नाही," डॉक्टर म्हणाले आणि काकांकडे बघून तेही हसायला लागले. मग त्यांचं हसू मध्येच थांबलं. ते मागे जाऊन ते वाक्य शोधत होते, मला दिसत होतं. सापडलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि पेन खिशात ठेवलं.

"बरोबर," मावशी म्हणाल्या.

"मग दाखवा," काका म्हणाले. "नियम तो नियम. म्हशीवरची कोंबडी बघायला मला चिखलातून नेलंत तेव्हा..."

"शिंपी, गप्प बसा," डॉक्टर म्हणाले.

एवढ्या वर्षांत त्यांनी काकांना असं कधी म्हटलं नसेल. काकांनी आमच्या तिघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघितलं. त्यांना कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांनी गळ्यातली मापाची टेप काढली आणि गुंडाळायला लागले. गुंडाळून झाली तरी गुंडाळतच होते.

"त्यांना कशाला ओरडता? नियम मीच केलाय," मावशी म्हणाल्या. आवाज नेहमीचा. "तुम्ही तिघं घुबड, मुंगूस, बेडूक करत बसलात तेव्हा मला हायसं वाटलं. घरात गेले आणि तुमचा राग आला. माणसं आहेत का कोण, म्हटलं."

"पण मावशी, सांगायचं नव्हतं तर लिहिलंत कशाला?" मी विचारलं.

"सांगायचं नव्हतंच. पण लिहायला बसले. एक खरं पाहिजे ना? आठवडाभर दुसरं काही बघितलंच नव्हतं मी. कोंबडी नाही, कासव नाही. माझं सगळं लक्ष तिथे. खोटं हवं तेवढं सुचतं मला. पण खऱ्याच्या जागी खोटं ठेवायला हात धजेना."

डॉक्टर म्हणाले, "मला यातलं विचारू नका, मी जनावरांचा. पण माझी गाय असती तर मी आजच हलवली असती."

"गाय म्हणालात ते बरं केलंत. म्हैस म्हणाला असतात तर उठून गेले असते."

काका टेपकडे बघत म्हणाले, "गिरणी मी बघतो. मशीन ते मशीन."

"तुम्ही पिठाला काजं कराल."

"केली तर केली. लोक मुकाट्याने घेतील."

ताई, मला वाटलं झालं. पण मावशी म्हणाल्या, "आणि मी नाही गेले तर? ओळखलंत, मी बरोबर म्हटलं, संपला खेळ. माझं मी बघेन. ऊन उतरू दे, दळणाची घाई सरू दे."

माझ्याकडे कसलाही अधिकार नाही. मी बसमधून उतरलेली मुलगी. तोंडातून निघून गेलं, "ओळखलं तर दाखवायचं. दाखवलं नाही तर नियम मोडला. मग खेळच मोडला, पुढच्या सोमवारपासून कोणी कशाला खरं लिहील?"

"तुम्हाला दाखवू? या दोघांना?"

"आम्हाला नाही. माझ्या ताईला."

"ती बोलत नाही ना तुझ्याशी?"

मी कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी ओळखलं कसं कोण जाणे. महिनोन्‌महिने पत्र न येणाऱ्या मुलीबद्दल काय ओळखायला लागतं म्हणा.

"तुमच्याशी बोलेल," मी म्हटलं.

मावशी काकांकडे वळून म्हणाल्या, "पेटी रिकामी झाली की आधी बटण बंद करायचं. दगड जाळलात तर तुमच्या मशीनची सुई मी मोडेन. हिच्याकडून शिकून घ्या दोन दिवसांत. हिला पोतं ओढायचं सोडून बाकी सगळं बघून बघून आलंय."

हो म्हणाल्या का? हो असं नाही म्हणाल्या. पण काका आत्ता आत आहेत, मोटारीला हात जोडून उभे आहेत, मला बोलावतायत.

गुरुवारी. तू असशील ना? तू लिहिलं होतंस की असतेस.

भिंगरी


गुरुवार, १३ तारीख

ताई,

हे पत्र मावशींच्या मागोमाग वॉचमनबरोबर वर पाठवते आहे, म्हणजे तू वाचते आहेस तेव्हा त्या तुझ्या समोरच्या स्टुलावर बसल्या असतील. त्यांच्यासमोर उघडलंस तरी चालेल. दुसऱ्याचं पान त्या वाचत नाहीत.

सकाळी त्या दोनदा परत फिरल्या. एकदा गिरणीची किल्ली राहिली म्हणून, ती कमरेलाच होती. एकदा बस आल्यावर म्हणाल्या, हिच्यात फार गर्दी आहे, पुढचीने जाऊ. कंडक्टर म्हणाला, "मावशी, हिच्यापुढे एकदम उद्याची." मग चढल्या. वाटभर खिडकीबाहेर बघत होत्या. मी तारेवरून उडालेला कोतवाल पक्षी दाखवला, तो मोठ्या घारीच्या मागे लागला होता, एवढासा जीव. त्या म्हणाल्या, "गप्प बस. मला घाबरू दे जरा नीट."

आता कामाचं. तुला त्या आधी गुडघ्याचं सांगतील. गुडघा खरोखर वाकत नाही, ते नाटक नाही, पण त्यासाठी त्या आलेल्या नाहीत. मग झोप लागत नाही असं म्हणतील. मग डोळ्यांचं. मध्ये तुला हसवतील, तू हसशील, मीही रोज हसते. ऐकून घे सगळं. घाई करू नकोस, नाहीतर उठतील. त्यांचं संपलं की उजवी काख विचार, आणि विचारताना त्यांच्या तोंडाकडे बघू नकोस, हातात काहीतरी काम ठेव. तू पाठमोरी भांडी घासायचीस तसं.

आणि जे काही निघेल ते त्यांना सरळ सांग. गोड करून सांगितलं तर त्या ओळखतील.

मी वर आलेले नाही. जिन्यापर्यंत आले होते. तिथला तो फिनेलचा वास आला आणि पाय पुढे पडेना. बारा नंबरला आता कोण आहे, मला सांगू नकोस. मावशी म्हणाल्या, "तू थांब. जिचं खरं तिनेच दाखवायचं असतं." आणि कठड्याला धरून एकट्या वर गेल्या. गुडघा खरंच दुखतो त्यांचा, मला पाठीवरून कळलं.

फाटकाबाहेर वॉचमनच्या खोलीशेजारी बाक आहे, मी तिथे बसले आहे. या बाकाखाली मुंग्यांनी वारूळ केलंय. वॉचमन म्हणतो रोज पाणी ओततो, रोज नवं असतं. पण मी ते बघत बसलेले नाही. मी दाराकडे बघते आहे. आजचा दिवस दुसरं काही बघणार नाही असं ठरवलंय, आणि आतापर्यंत जमलंय.

त्यांचं झालं की कोणाला तरी पाठव सांगायला. तू स्वतः आलीस तरी चालेल.

भिंगरी